गौण वनउपजातलं एक गाणं

"गान्यातली एक मात्रा जरी कोनं हालवली, तं पेटी उचलून घरी येईन!" असं मिथुननं कोसमटोल्याच्या पानठेल्यावर सात माणसांसमोर जाहीर केलं. आवाज असा काही लागला होता की ठेलेवाल्याचा चुना लावायचा हात हवेतच थांबला.

अडचण एकच होती. मिथुनला 'नाही' म्हणता येत नसे. एकदा त्यानं एकाच तिथीची तीन लग्नं घेतली होती, आरमोरी, वडसा आणि कुरखेडा. तिसऱ्या मांडवात पोचला तेव्हा नवरी सासरी जाऊन चहा करत होती. तरी कोणीतरी म्हणालं, "आलाच हायेस तं वाजव," आणि त्यानं खुर्च्या मोजणाऱ्या दोन माणसांसमोर तासभर पेटी वाजवली!

हिवाळाभर तो झाडीपट्टीच्या नाटकांत पेटीवर असे. यंदा उन्हाळ्यात मात्र त्यानं स्वतःचं गाणं केलं. त्याची आई केसरबाई पहाटे मोहफुलं वेचायला जाते, तेवढंच त्या गाण्यात होतं. सुरुवातीचे अकरा सेकंद काहीच नाही. फक्त मोह पडतो. टप. मग बराच वेळ शांत. पुन्हा टप. मग हळूच पेटी. या अकरा सेकंदांसाठी मिथुन चार पहाटे झाडाखाली फोन धरून बसला होता, आणि लाल मुंग्या त्याच्या पायजम्यात वस्तीला आल्या तरी हूं की चूं केलं नव्हतं.

गाणं या फोनवरून त्या फोनवर करत नागपूरच्या 'टणाटण म्युझिक'पर्यंत पोचलं आणि तिथून अतुल नावाचा चष्मेवाला तरुण करार घेऊन थेट अंगणात आला.

"मिथुनभाऊ, गाणं एक नंबर! फक्त सुरुवातीचं ते काढून टाकू."

"कोनतं जी?"

"ते अकरा सेकंद. काहीच होत नाही यार त्यात!"

"मोह पडून राह्यला नं!"

"पडू द्या की, पण ढोलावर पडू द्या. लोक तीन सेकंदांत अंगठा सरकवतात, भाऊ. आणि आई जरा तरुण करू. मागे वीस पोरी नाचतील."

"वीस पोरी नाचल्या तं मोह तुडवल्या जाईन!"

"प्लास्टिकचा टाकू."

मिथुनचं तोंड सवयीनं होकाराचं 'हाव' म्हणायला उघडू लागलं. आणि ऐन त्या क्षणी त्याच्या डोक्यात असा काही उजेड पडला की तो स्वतःच दचकला.

"माहं काई म्हननं नाई जी. पन गानं मोहाचं हाय. मोह म्हन्जे गौण वनउपज! आमच्या जंगलाचा सामूहिक हक्क ग्रामसभेकडं हाय. मोह, तेंदू, बांबू, साऱ्याचं सभाच ठरवते. तेबी सर्वसंमतीनं. एकजनबी नाई म्हनला, तं नाई."

अतुल कॉमर्सचा पदवीधर. त्यानं हे सगळं गांभीर्यानं उतरवून घेतलं आणि करारात कलम घातलं: गाण्यातील कोणताही बदल ग्रामसभेच्या सर्वसंमतीनेच होईल व तो निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील. मिथुननं सही अशी ठोकली की कागदाला पलीकडून फोड आला.

त्याच्या या आत्मविश्वासाचं नाव होतं वारलूभाऊ. वारलूभाऊंनी हयातीत कशालाच संमती दिलेली नव्हती. समाजमंदिराला कोणता रंग द्यावा हे सहा वर्षं ठरत होतं. गावानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं तेव्हा त्यालाही त्यांनी विरोध केला, आणि सत्कार रद्द झाला!

सभा भरली. सभेचे अध्यक्ष बापूराव वही उघडून बसले. अतुलनं नागपूरहून आणलेला स्पीकर लावला.

अकरा सेकंद.

"सुरू कर नं बावा!" कोणीतरी ओरडलं.

"सुरूच हाय," मिथुन म्हणाला.

गाणं संपलं. मग अतुलनं ढोल, वीस पोरी, तरुण आई आणि प्लास्टिक अशा मागण्या वाचून दाखवल्या. सभेनं त्या दोन मिनिटांत एकमुखानं फेटाळल्या. "प्लास्टिकचा मोह?" वारलूभाऊ कडाडले. "उद्या प्लास्टिकचा भात खाऊ घालसान!" मिथुनला त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्यानं अतुलकडे बघून असे खांदे उडवले, जणू आपला बिचाऱ्याचा काहीच इलाज नाही. आणि तो निघायला उठला.

"बस," बापूराव म्हणाले. "आता गान्याचं बोलू."

"गान्याचं झालं नं भाऊ."

"त्यायच्या मागन्यायचं झालं. गानं सभेचं हाय असं तूच करारात लिवलं नं? मंग सभेनं पाह्याले नको? पयल्याच ओळीत 'एकटीच निघाली माय' म्हनलं तुनं. जंगलात एकटं जायाचं नाई, जोडीनं जायाचं, हा वनखात्याचा हुकूम गेल्याच साली आला. हे उल्लंघन हाय."

"भाऊ, ते काव्य हाय!"

"वाघाले का ठाऊक, काव्य हाय म्हून?"

तेवढ्यात शेजारच्या रुखमाबाई उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या की सभेतले पंखे आपोआप हळू फिरतात असं म्हणतात.

"अन् एकटी कवा जाते केसर? तिच्यासंग मी जाते नं रोज! भरली टोपली डोक्शावर कोन चढवून देते तिले? गान्यात मी कुठी हावो?"

"टाकतो बाई तुमाले."

हा 'टाकतो' तोंडातून निसटला आणि धरणाचं दार उघडलं! रुखमाबाई आल्या तर त्यांची शेजारीण का नको? शेजारीण आली तर खालचा टोला, म्हणजे खालची वस्ती, का नको? मोह सगळेच वेचतात. बापूरावांनी वहीत घरांची यादीच काढली. बेचाळीस घरं, प्रत्येकी एक ओळ. अस्वलही मोह खातं, म्हणून अस्वलाला दोन ओळी. मिथुन "हाव जी, हाव जी" करत पावसातल्या कोंबड्यासारखा आक्रसत गेला आणि शेवटी त्यानं आशेनं वारलूभाऊंकडे पाहिलं.

वारलूभाऊ उभे राहिले. "माहा विरोध हाय!"

मिथुनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घरं त्रेचाळीस हायेत. माह्या पोराची चूल अलग झाली, ते धरलीच नाई."

बापूरावांनी धरली.

"मंग आता विरोध नाई," म्हणून वारलूभाऊ खाली बसले.

कोसमटोल्याच्या इतिहासात पहिल्यांदाच कशाला तरी सर्वसंमती मिळाली! लोकांनी टाळ्या वाजवल्या. समाजमंदिराचा रंगही त्याच भरात ठरवून टाकावा असं एकजण म्हणाला.

"पन एवढी नावं बसवायची कुठी?" बापूरावांनी पेन कानावर ठेवलं. "हां! सुरवातीले अकरा सेकंद रिकामेच पडून हायेत नं."

मिथुन ताडकन उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या छातीत 'नाही' तयार झालं, घशापर्यंत आलं, जिभेवर चढलं. आणि बाहेर पडलं ते असं: "हाव जी, पन..."

"त्याले हात लावू नका."

मागच्या रांगेत केसरबाई बसल्या होत्या. गावानं सभेत त्यांचा आवाज आजवर ऐकला नव्हता. त्या उठल्याही नाहीत.

"मोह पडते तवा आमी बोलत नाई. मी बोलत नाई, हे रुखमाबी बोलत नाई. रुखमा नाई बोलत म्हन्जे पाहा! घरी आलो का चूल बोलते, लेकरं बोलतेत, धनी बोलते. तेवढाच वेळ आमचा. पोरानं तो बरोबर धरला. राहू द्या."

रुखमाबाई पदराशी चाळा करत होत्या. अतुलनं चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता. मिथुन आईकडे बघत राहिला. चार पहाटे मुंग्या सोसून आपण काय पकडलं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"फक्त," केसरबाई म्हणाल्या, "अकरा सेकंदांत दोन मोह पडत नाई. लई घाई झाली ते. चाळीस कर."

बायकांनी एकसाथ माना डोलावल्या. चाळीस झाले. "अन् बाकी नावं सारी टाक," त्यांनी जोडलं. "लोकायले बरं वाटते."

मिथुननं अतुलला गाडीपर्यंत सोडलं आणि खिडकीत डोकं घालून हात जोडले. "साहेब, तुमी तं नाई म्हना! तुमची कंपनी हाय. काई तं मागनी करा!"

"काय करू, भाऊ? बंधनकारक आहे," अतुल रडवेल्या आवाजात म्हणाला. "मालकाला काय सांगू, ते मला सांगा. अस्वलाच्या दोन ओळी आहेत!"

गाणं आलं. सव्वीस मिनिटांचं. टणाटणच्या मालकानं करार तीनदा वाचला आणि अतुलला तीन दिवस केबिनबाहेर बसवलं. पण पंचक्रोशीत ते घराघरांत वाजलं. पूर्ण कोणीच ऐकलं नाही. "माहं सतराव्या मिनटाले हाय," असं म्हणून प्रत्येकजण गाणं नेमकं तिथून लावत असे. सुरुवातीचे चाळीस सेकंद मात्र बायका न चुकता लावत, आणि तेवढ्यात घरात कोणी बोललं तर त्याची धडगत नसे.

महिन्याभरानं अतुलचा फोन आला. करारात दुसरं गाणंही होतं.

मिथुन विचारात पडला. बांबू? ग्रामसभा. तळ्यातला मासा? ग्रामसभा. तेंदूचं पान, चारोळी, मध, सगळीकडे बापूरावांची वही! शेवटी त्याची नजर स्वयंपाकघरात गेली आणि तो खुशीनं ओरडलाच. फ्रीज! आरमोरीच्या दुकानातून आणलेला, स्वतःच्या कमाईचा, जंगलाशी काडीचाही संबंध नसलेला. दुपारच्या उन्हात केसरबाई काही काढायचं नसतानाही तो उघडून दोन मिनिटं समोर उभ्या राहायच्या, डोळे मिटून. त्यावर दोन ओळी झाल्या. चाल झकास बसली. यात कोणी मात्रा हलवून दाखवावी!

तिसऱ्या दिवशी तो पेटीवर बसला असताना रुखमाबाई नेहमीसारख्या आल्या, फ्रीज उघडून आपलं ताकाचं भांडं काढलं, मागे खालच्या टोल्यातल्या चौघीजणींच्या बरण्या होत्या त्या नीट लावल्या, आणि दारात थबकल्या.

"काऊन रे मिथुन," त्या म्हणाल्या, "या गान्याची सभा कवा हाय?"