याकूबभाऊच्या कंप्युटरची घूं

सन दोन हजार बावीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, अन् अख्ख्या मूल गावात कंप्युटरले खाटेवर ऊन दाखवणारा एकच माणूस होता, आमचा शेजारी याकूबभाऊ. लोक आंगणात तूर वाळवत, हा झाकण काढून कंप्युटर वाळवे. चिमण्या बसू नये म्हणून वर पातळ दुपट्टा टाके. मी विचारलं तर म्हणे, "ओल धरते त्याले. तुह्या गुडघ्यात नाई का धरत?"

याकूबभाऊचं बस स्टँडजवळ रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत गावोगाव दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, व्हायची, तेव्हा हा सायकलले टेप बांधून यायचा अन् मंचासमोर बसून गाणी भरून घ्यायचा. कोणी खोकललं तर त्याच्याकडं असं पाहे, जशी त्यानं याची बकरी चोरली. कोणाचं गाणं चांगलं विचारलं तर एकच बोल, "मशीन झूट नाई बोलत." पुढं दुकान बंद झालं, बायको गेली, पोरगी बल्लारशाले सासरी. उरल्या पेटीभर कॅसेटी. बंद पडलेल्या नेट कॅफेतून हा जुना कंप्युटर उचलून आणला अन् एकेक कॅसेट त्यात उतरवाले बसला.

दंडारीचं मले सांगाच लागते, कारण राणी मी होतो. शाळा चौथीतच सुटली, पण मी लुगडं नेसून मंचावर आलो की बाया आपापला पदर सारखा करत. राजा होता दामा. दामाचा आवाज म्हणजे चिखलात फसलेली बंडी. तरी याकूबभाऊनं पहिली कॅसेट उतरवली ती दामाची. दामा तर मेला होता, त्याले कायची घाई?

थोड्याच दिवसांत दामा गावाच्या मोबाइलात शिरला. चहाच्या टपरीवर दामा, न्हाव्याकडं दामा. दवाखान्यात रांगेत उभा होतो, तिथी एकाचा फोन वाजला, त्यातही दामाच. नर्सबाई म्हणे, काय गोड आवाज हाये. मी बीपीच्या गोळ्या न घेताच घरी आलो.

माझी कॅसेट कवा? तर याकूबभाऊ म्हणे, "घूं हाये." गाण्याच्या मागून डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज येई. त्यानं पंखा बंद केला, ट्यूबलाइट काढली, वायरी बदलल्या. "हो बेटा, हो, दम धर," असं कंप्युटरशी बोले, बैलाशी बोलावं तसं. शेवटी त्याले समजलं की अर्थिंगचा खड्डा सुकला. कडुनिंबाखाली सळई गाडली होती, तिथली माती ओली राह्यली की घूं जाते. दामाच्या वेळी पावसाळ्याची ओल होती म्हणे. मेल्याचं नशीबच ओलं.

याकूबभाऊची कंबर वाकत नव्हती, म्हणून रोज सकाळी बादलीभर पाणी मी ओतावं असं ठरलं. मी ओतलं की खिडकीतून विचारे, "काऊन राणीसाहेब, ओतलं का?" मग टेप लावे, कान देई, मान हलवे. "अजून थोडी हाये. उद्या ये." मग चहा. चहासोबत दामाची तारीफ. माझं पाणी पिऊन कडुनिंब फुलला, पण राणी काही पेटीतून बाहेर निघाली नाई.

एका सकाळी बादली घेऊन गेलो तर आत दामा लागलेला, अन् याकूबभाऊ मांडीवर ताल धरून राह्यला. मी म्हणलो, राजाले घूं लागत नाई, राणीलेच लागते का? बादली तिथीच आपटली. आठवडाभर फिरकलो नाई.

मग माझी कॅसेट मागाले गेलो. भर दुपार होती. खड्ड्याच्या मातीले भेगा पडल्या होत्या, अन् आतून माझा आवाज येत होता. राजा रानात जाते अन् राणी उंबऱ्यात उभी राहून गाते, ते गाणं. साफ. मागं भुंगा नाई, माशीसुद्धा नाई. माझ्या हातातल्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

याकूबभाऊ डोळे मिटून बसला होता. मी खोकललो. त्यानं पाह्यलं, पण यावेळी बकरी चोरताना तोच सापडला होता.

"कवा उतरली?"

"शिमग्याच्या आधी. अर्थिंगची वायर बोरिंगच्या पाइपाले बांधली, तवाच घूं गेली."

"मग मी पाणी कायले ओतत होतो?"

तो दुपट्ट्याची घडी करत राह्यला. मोडली, पुन्हा केली. "दामाची झाली, त्याचं पोरगं घेऊन गेलं. पुन्हा आलं नाई. सगळ्यांचं तसंच. तुही देऊन टाकली असती, तं सकाळी मी कोणाची वाट पाह्याची?"

बोलाले आवाज लागते, अन् माझा तर कंप्युटरात होता. निघताना एवढंच विचारलं, दामापेक्षा बरा हाये का.

"मशीन झूट नाई बोलत," तो म्हणे. मशीन काय बोलते ते काही सांगितलं नाई. म्हातारा खोडीलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, बादली भरली, खड्ड्यात ओतली अन् खिडकीपाशी जाऊन विचारलं, "गेली का घूं?"

आत कोणी कान देऊन बसावं तेवढा वेळ गेला.

"अजून थोडी हाये, राणीसाहेब. बस, चहा ठेवतो."

मी बसलो.