गळका पेंग्विन

"या उन्हाळ्यात मी पडणार नाही!" नानांनी कपडे बदलायच्या खोलीत जाहीर करून टाकलं. "सगळं जग वितळलं तरी हा पेंग्विन ताठ उभा राहील!"

ऐकायला खोलीत एकट्या शिट्टीवाल्या ताई होत्या, आणि त्या नानांच्या पाठीवरची अडकलेली चेन ओढण्यात गुंतल्या होत्या.

"पोट आत घ्या," ताई म्हणाल्या. "ताठ नंतर उभे राहा."

तर नाना म्हणजे त्या थीम पार्कमधले पेंग्विन. पार्क मोठं, झोपाळे आभाळाला लागणारे, आणि मधोमध 'बर्फनगरी' नावाचा एक थर्माकोलचा डोंगर. त्या डोंगराच्या दाराशी पेंग्विनचं सोंग घालून उभं राहायचं आणि येणाऱ्या पोरांना मिठ्या मारायच्या, ही नानांची नोकरी. डांबर चपलेला चिकटायला लागलं की हंगाम सुरू! सोंगाच्या आत शिरलं की प्रेशर कुकरमध्ये बसल्यासारखं वाटे. फक्त शिट्टी बाहेर, ताईंच्या तोंडात. चोचीतल्या जाळीतून दिसेल तेवढंच जग, म्हणून ताई त्यांचा पंख धरून फिरवत आणि गर्दी अंगावर आली की शिट्टी फुंकत. पेंग्विनने बोलायचं नाही, हा पार्कचा पहिला नियम. दुसरा नियम, पोरांसमोर डोकं काढायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, या वयात माणसाने घरी पंख्याखाली पेपर वाचावा, हे नसतं खूळ कशाला? घरच्यांना तर वाटत होतं की नाना पंख्याखालीच बसतात! 'हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसायचं काम आहे, सावलीत,' असं त्यांनी ठोकून दिलं होतं. खरं सांगितलं असतं तर मुलाने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायला लावली असती. मुलगा वाईट नव्हता. नानांच्या औषधांच्या वेळा त्याला पाठ होत्या. पण तो दमून यायचा, एसीच्या खोलीत शिरायचा आणि आतून हाक यायची, "नाना, दार लावा हो, गार हवा बाहेर जाते!" नाना दार लावत. बायको गेल्यापासून त्या घरात नानांना कुणाचा हात लागला नव्हता. औषधाची गोळीसुद्धा वाटीत ठेवलेली असे.

आणि इथे, पार्कात, चड्डीतली पोरं लांबून पळत येत आणि धाडकन पोटावर आदळत! गळ्यात पडत, पायांना विळखा घालत, हलवलं तरी हलत नसत. नानांना पगार नसता तरी चाललं असतं. त्यांना ती मिठी हवी होती, आणि माणसाला मिठी हवी असते हे सांगायला लाज वाटते, म्हणून ते 'हातखर्चाला बरं पडतं' असं सांगत.

अडचण एकच होती. नाना दोनदा घेरी येऊन पडले होते. दुसऱ्या खेपेला पार्कच्या मॅनेजर मॅडमनी त्यांना समोर बसवलं.

"नाना, माणूस तुम्ही सोन्यासारखे आहात. पण पोरांसमोर पेंग्विन आडवा झाला की पोरं रात्रभर रडतात, आणि त्यांच्या आया फोन मला करतात! आता आणखी एकदा पडलात की संपलं."

नानांनी मग डोकं लढवलं. बायकोचं एक जुनं कापूस भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट पेटीत होतं, डांबरगोळ्यांमध्ये जपून ठेवलेलं. ते काढलं. त्याला आतून खिसे शिवले. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी भरून, तोंडाला गाठ मारून, त्या फ्रीझरमध्ये टाकल्या. सकाळी गोठलेल्या पिशव्या खिशांत घातल्या की झालं! ज्या उकाड्याने दोनदा लोळवलं, त्याचं नाक कापायचा असा बेत होता.

पहिली ठिणगी घरातच पडली.

"नाना, मटार ठेवायला जागा नाही फ्रीझरमध्ये!" सूनबाई म्हणाल्या. "कसल्या या पिशव्या?"

"गुडघा शेकायला."

"बर्फाने शेकायला?"

"मग काय उकळत्या पाण्याने? उन्हाळा आहे!"

सूनबाईंनी मटार बाहेर काढले आणि नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "नानांकडे जरा लक्ष द्यायला हवं हं." लक्ष द्यायचं ठरलं. रविवारी देऊ, असंही ठरलं.

रविवारी सकाळी बर्फाचं जाकीट घालून नाना पेंग्विनमध्ये शिरले आणि त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला! पोट गार, पाठ गार. बाहेर माणसं रुमालाने मान पुसत होती आणि आत नाना कुडकुडत होते. त्यांनी ताईंशी खूण ठरवून ठेवली होती : पंखाने पोटावर थापटलं की 'मला आत घेऊन चला'. तोंड उघडायची बंदी ना!

पहिली मिठी मारली एका चिमुरडीने. मारली आणि किंचाळली, "आई! हा खरा आहे! गार आहे!"

झालं! आई आली, हात लावून बघते तर खरंच गार. तिने गाल लावला. तिच्यामागून मावशी आली. मावशीच्या मागून एक टाय लावलेले गृहस्थ आले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "मुलाला दाखवायचंय," आणि मूल कुठेच नव्हतं! बघता बघता रांग लागली. झोपाळे ओस पडले. सरबतवाला गाडी सोडून रांगेत उभा राहिला. ताई शिट्ट्या फुंकून लाल झाल्या.

"एकेकाने! चिकटून बसायचं नाही! ओ आजी, झोपू नका त्याच्यावर!"

मॅनेजर मॅडम गॅलरीतून बघत होत्या. खूश होत्या. नाना तर हवेतच होते. एवढ्या मिठ्या त्यांना आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. लोक बर्फाला मिठी मारताहेत, आपल्याला नाही, हे त्यांना कळत होतं. पण भुकेल्या माणसाने ताटावर कुणाचं नाव आहे ते बघू नये.

मग आला एक बसड्रायव्हर. दाराएवढा माणूस, सकाळपासून इंजिनाशेजारी भाजून निघालेला. त्याने "आलो रे बाबा!" म्हणत नानांना असं आवळलं, की आतल्या आत दोन पिशव्या फटाफट फुटल्या! गार पाणी पोटावरून मांड्यांवर, मांड्यांवरून बुटात. नाना जागच्या जागी उडाले. त्यांनी घाईघाईने पोट थापटलं. आत चला, आत चला!

लोकांना वाटलं, पेंग्विन म्हणतोय, या, पोट गार आहे!

"बघा, बोलावतोय!" रांग पुढे सरकली. नानांनी आणखी जोरात थापटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूण ठरवलेल्या ताईसुद्धा भुलल्या आणि ओरडल्या, "वा नाना... वा पेंग्विन! असंच! बोलवा सगळ्यांना!" तिसरी पिशवी फुटली. बुटात चपक चपक व्हायला लागलं.

आता नियम मोडून ओरडावं, असं ठरवून नानांनी तोंड उघडलं, तेवढ्यात चोचीच्या जाळीतून त्यांना रांगेत सूनबाई दिसल्या. शेजारी नात. तिच्यामागे, कपाळावर हात धरून, मुलगा.

लक्ष द्यायला आले होते! हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत नाना दिसले नाहीत, म्हणून 'जेवायला गेले असतील' समजून, पोरीला बर्फनगरी दाखवायला इकडे वळले होते. नानांनी उघडलेलं तोंड मिटलं.

नेमक्या त्याच वेळी ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगंबाई, थापटणं म्हणजे आत जायचं नाही का!" त्यांनी पंख धरला आणि ओढला. "चला!"

नाना हलेनात.

"चला ना! तुम्हीच म्हणालात!" ताई दात ओठ खाऊन कुजबुजल्या. नानांनी दोन्ही पाय रोवले. ताई ओढताहेत आणि पेंग्विन मागे रेलतोय, लोक पोट धरून हसताहेत, आणि रांग एकेका माणसाने पुढे येतेय.

नात आली. पोटाला बिलगली. घरी ती अशी बिलगत नसे, घरी तिला अभ्यास असे. सूनबाईंनी फोटो काढले. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही पण घ्या ना. काय गार आहे!"

"छे! मी काय लहान आहे?"

"कोण बघतंय!"

मुलगा पुढे आला. एक हात खांद्यावर ठेवल्यासारखं केलं. मग दुसरा. मग काय झालं कुणास ठाऊक, त्या उंच माणसाने मान वाकवली आणि पेंग्विनच्या छातीवर डोकं टेकलं.

"अहाहा," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, "दोन मिनिटं राहू दे रे. फार दमलोय."

नानांनी दोन्ही पंख त्याच्या पाठीमागे नेले. पंखांना बोटं नव्हती. त्या पाठीवरून हात फिरवायचा तर नुसता फोम घासत होता. बायको गेली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बापलेक शेजारी शेजारी बसले होते, मधे तिची पिशवी ठेवून. दोघांनी एकमेकांना पाणी आणून दिलं. दोघेही घरी आल्यावर रडले, पण आपापल्या न्हाणीघरात, नळ सोडून. पिशवी तेव्हा उचलून पलीकडे ठेवायला हवी होती, एवढंच नानांना सारखं वाटत राहिलं होतं. आणि आता पोर छातीवर होतं, आणि मधे तिचंच जाकीट होतं. नाना आत हमसून हमसून रडले. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही.

पाणी मात्र लागलं. उरल्यासुरल्या पिशव्यांनी एकदम राम म्हटला आणि पेंग्विनच्या दोन पायांमधून धार सुटली!

"बाबा!" नात टाळ्या पिटत ओरडली. "पेंग्विनने शू केली! तुमच्या अंगावर केली!"

रांग किंचाळून पांगली. टायवाले गृहस्थ, जे दुसऱ्यांदा रांगेत होते, ते सर्वांत पुढे पळाले. मुलाने खाली पाहिलं, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "शी! अहो, सोडा! सोडा म्हणतो ना!"

पेंग्विन सोडेना. सूनबाई एका बाजूने ओढताहेत, ताई दुसऱ्या बाजूने शिट्टी फुंकताहेत. शेवटी मुलाने हिसका दिला. नाना आपल्याच पाण्यावर सरकले, आणि दोन्ही पंख पसरून पाठीवर सपशेल आडवे! डोकं मात्र निघालं नाही. दोन्ही नियम शाबूत राहिले.

"मला घेरी आली नाही," कपडे बदलायच्या खोलीत नाना मॅडमना ठासून सांगत होते. "मी घसरलो! घसरणं वेगळं, पडणं वेगळं."

"नाना," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ होता, "पाठीला काही झालं असतं तर? पण तुमची कल्पना एक नंबर! वरच्या साहेबांशी आत्ताच बोलले. उद्यापासून आपण मशीनचा पेंग्विन उभा करतोय. पोटात कूलर! लोकांना गारवा हवाय ना? दिवसभर गार! आणि तुम्ही त्याचं बटण सांभाळा. सावलीत, खुर्चीवर."

ताईंनी बर्फाचं जाकीट पिळून दोरीवर टाकलं. मग नानांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी ओढायला नको होतं हो."

घरी दिवे लागले होते. मुलगा न्हाऊन, कपडे बदलून बसला होता.

"नाना, तुम्ही होतात कुठे? आम्ही आलो होतो! तिथला पेंग्विन माझ्या अंगावर..." आणि सूनबाई आणि नात एवढ्या हसल्या, की त्याला पुढचं सांगताच येईना. नानाही हसले. कंबर दुखत होती तरी हसले.

हसणं ओसरल्यावर मुलगा हळू आवाजात म्हणाला, "पण नाना, गंमत सांगू? त्याला आईच्या पेटीसारखा वास येत होता. मला एकदम... जाऊ दे." त्याने मान हलवली. "बरं वाटलं होतं. गळायला लागायच्या आधी."

नानांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग त्यांच्या मनात आलं, ती छाती कुणाची होती हे कळलं तर पोरगा लाजेल, आणि पुन्हा कधी कुठल्याच पेंग्विनवर डोकं टेकणार नाही. पेंग्विनने बोलायचं नाही, हा नियम त्यांनी घरीही पाळला.

"पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ या का?" नात म्हणाली. "तोच असेल?"

"नाही," नाना म्हणाले. "उद्यापासून मशीनचा येतोय."

"हे बरं झालं!" मुलगा उठला आणि एसीच्या खोलीकडे निघाला. "मशीन गळत तरी नाही."

सूनबाई गेल्या, नात गेली. नाना उंबऱ्याशी उभे राहिले. आतून गार झुळूक आली, त्यांच्या ओल्या शर्टाला लागली.

"नाना, दार लावा हो, गार हवा बाहेर जाते!"

नानांनी दार लावून घेतलं. बाहेरून.