विसूकाकांची सहा नवलं

चौलला आमच्या आळीत विसूकाकांनी इजिप्तचा पिरॅमिड न्हाणीच्या वाटेवर टांगला होता. कारण विचारलं तर म्हणायचे, "तो अजून उभा आहे. उभ्याचं कसलं कौतुक?"

बाकीची सहा नवलं ओटीवर होती. अलिबागेस एका साहेबाच्या सामानाचा लिलाव निघाला, तेव्हा काकूंनी त्यांना कपाट आणायला धाडलं होतं. काका बैलगाडीतून परतले ते जगातल्या सात जुन्या आश्चर्यांची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली सात चित्रं घेऊन. काकूंची लुगडी पुढेही वळणीवरच राहिली.

काका सुपारीच्या वाडीचे मालक. झुलत्या बागांच्या चित्रापुढे उभं राहून ते रोज त्या राजाला शिव्या घालत: रहाट दिसत नाही, पाट दिसत नाही, चौथ्या मजल्यावर शिंपणं कोण करतं? पण दुसऱ्याने नावं ठेवलेली खपायची नाहीत. पडक्या इमारती कशाला टांगल्यात, असं कुणी म्हणालं की ठरलेलं वाक्य येई. "पडलं म्हणून काय झालं? होतं की नाही?" आणि उत्तराची वाट न बघता ते आत निघून जात.

गावाचं खरं वाकडं होतं ते एका चित्रातल्या तांब्याच्या पुतळ्याशी. बंदराच्या तोंडावर पाय फाकून उभा, पायांमधून गलबतं चाललेली, आणि अंगावर चिंधी नाही. चैत्रगौरीच्या आराशीत काका हीच चित्रं मांडत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मान खाली घालून डाळ खात. शेवटी काकूंनी जुन्या लुगड्याचा निळा तुकडा खळीने काचेवर चिकटवला आणि पुतळा गृहस्थ झाला.

त्या काकू एका श्रावणात तापाने गेल्या.

पुढच्या चैत्रात काकांनी गौर बसवली. भटजी सांगायला आले की विधुराच्या घरी हळदीकुंकू होत नसतं, एकही बाई उंबरा ओलांडायची नाही. काका म्हणाले, "गौर तिच्याकडे येते. तिला तुमची परवानगी कधी लागली नव्हती."

चैत्रांगण त्यांनीच काढलं. त्यातलं कासव कुठल्या बाजूला चाललंय ते कळत नव्हतं. कैरीची डाळ केली, पन्हं केलं आणि धुतलेलं धोतर नेसून दारात बसले. दिवेलागण झाली तरी कुणी फिरकलं नाही. समोरच्या ओटीवरून मला ते बघवेना. बायकोला माझ्याआधीच बघवेनासं झालं असावं. ती लुगडं बदलून निघाली, मी मागोमाग.

काका धडपडत उठले. कुंकवाची कोयरी गौरीपुढे होती. बायकोने आपलं आपण लावून घेतलं. मग साती चित्रं बघणं आलंच, त्या दिवशी पिरॅमिडसुद्धा. पुतळ्यावरच्या कापडाचा कोपरा सुटला होता. नवा तुकडा आणून देते, असं ती म्हणाली, तर काकांनी घाईने काचेवर तळहात धरला.

"नको. तिने लावलाय."

तेवढ्यात रस्त्याने जाणारे भटजी अंगणाशी थांबले. घरात बाईच उरली नाही, तर ही आरास कुणासाठी, असं त्यांनी विचारलं.

काका दाराशी गेले. "गेली म्हणून काय झालं? होती की नाही?"

या वेळी ते आत वळले नाहीत. चौकटीला धरून उत्तराची वाट बघत राहिले.

"होत्या, काका," मी म्हणालो.

काकांनी डोळे पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत. वळून माझ्या बायकोला म्हणाले, "डाळ घे हो. मीठ विसरलो असेन, ते तीच बघायची."

मीठ खरोखरच नव्हतं. आम्ही दोघांनी दोनदा मागून खाल्ली.