घरी सर्व कुशल आहे

भोजराज तीन आठवडे बापाशी बोलला नव्हता. त्या सकाळी चहा पिता पिता तो एक वाक्य बोलला, आणि तेवढं एक वाक्य त्यानं गिळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. (गप्प बसलेला पोरगा घराला परवडतो. बोलला की खर्चात पाडतो किंवा लोकांच्या तोंडी देतो.)

वाक्य एवढंच होतं, "त्या फोननं चोर पकडता येते."

बापानं, म्हणजे श्यामरावांनी, बशीतला चहा तसाच ठेवला. फोन हा शब्द त्यांना देवाच्या नावासारखा लागायचा. सात वर्षं अर्ज करून तो सानगडीत त्यांच्या घरी आला होता, आणि आल्या दिवसापासून लाकडी पेटीत कुलूपबंद होता. पेटीची किल्ली श्यामरावांच्या कमरेच्या करगोट्याला. पेटीवर भोजराजच्या आईनं, कुंताबाईंनी, विणलेला रुमाल. घरात ज्या वस्तूचा कोणालाच उपयोग होऊ द्यायचा नाही, तिचा मान जास्त. या न्यायानं भोजराजलाही थोडा मान मिळायला हवा होता, पण तो नागपूरचं पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडून आला होता. तो म्हणे, सोडलं. बाप म्हणे, नापास झाला. खरं सांगायचं तर आधी नापास झाला आणि मग रागानं सोडलं.

"चोर कसा पकडते फोन?" श्यामरावांनी विचारलं. शेजारच्या आळीतून आठवड्यापूर्वीच पाणी भरायचे तांब्याचे दोन गुंड चोरीला गेले होते.

भोजराजनं सांगितलं. मागच्या दाराला तार लावायची. दार उघडलं की भोंगा वाजेल, फोन आपोआप उचलला जाईल आणि टेपरेकॉर्डर सुरू होईल. साकोलीच्या एक्सचेंजातल्या यादोरावाला टेपच नंबर सांगेल, आणि पलीकडे जो फोन घेईल त्याला निरोप देईल. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलला की मशीन समजेल, निरोप पोचला. मग भोंगा बंद, फोन खाली. तो हळू बोलला तर निरोप पुन्हा पहिल्यापासून.

"मोठ्यानंच काहून?"

"लाइनीवर खरखर रायते ना. खरखर कोणती अन् माणूस कोणता, मशीनले कसं समजन?"

श्यामराव माणसाशीही खरखर केल्यासारखेच बोलत, त्यामुळे त्यांना हे पटलं. त्यांनी सौदा केला. महिन्याभरात मशीन एकदा तरी खरोखर चालली, तर रस्त्याकडची समोरची खोली भोजराजला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासाठी. नाही चालली, तर सोमवारपासून साकोलीला भय्याजींच्या राइस मिलमध्ये दिवाणजीच्या हाताखाली.

भय्याजी म्हणजे भोजराजच्या आत्याचे यजमान. त्या मिलमध्ये एक खुर्ची होती, तिचा एक वेत तुटलेला होता, आणि त्या खुर्चीवर बसून आधीचा दिवाणजी म्हातारा होऊन मेला होता. भोजराजला ती खुर्ची स्वप्नात दिसायची. समोरच्या खोलीला मात्र एक खिडकी होती. तिच्याखाली टेबल कुठे ठेवायचं, सोल्डरिंगची कांडी कुठे टांगायची, हे त्यानं मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

तीन आठवडे तो खपला. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकातलं सर्किट, जुना टेपरेकॉर्डर, ट्रकचा भोंगा. चाचण्यांच्या वेळी भोंगा इतक्यांदा वाजला की आळीतली कुत्रीसुद्धा मान वर करेनाशी झाली. उरला फक्त भय्याजींसाठी निरोप भरायचा; त्यांचा फोन मिलमध्ये होता आणि घर मिलला लागूनच. कॅसेट कुंताबाईंच्या भजनांची मिळाली.

"बोला बाबा. 'चोर आले, धावा.' बस."

"थांब!" कुंताबाई चुलीजवळून उठून आल्या. "घरात चोराचं नाव नोको घेऊ. बोललेलं हवेत जाते. हे त फितीत भरून ठेवतेस. घरात चोर भरून ठेवतेस का, बाबू?"

"मंग काय म्हणू? पाहुणे आले?"

"अन् 'धावा' कायले?" श्यामरावांनी घसा साफ केला. "जवाई होत ते आपले. जवायाले धावा म्हणते का कोणी? 'या' म्हणा लागते. अन् आधी कुशल सांगा लागते. एकदम अंगावर गेल्यासारखं बोललं त माणूस घाबरते."

"घाबरलाच पायजे ना!"

"तुले दोन वर्षांत हेच शिकवलं का नागपूरले?"

भोजराजनं बटण दाबलं. (मोठी माणसं शहाणपणा सांगत असताना बटण दाबावं. तेवढंच हातात असतं.) आणि श्यामराव, टेलिग्राम वाचून दाखवावा तशा सावकाश आवाजात, टेपमध्ये बोलले :

"यादोराव, बावीस नंबर लावा. ... नमस्कार भाऊजी. मी श्यामराव. घरी सर्व कुशल आहे. घाबरू नका. मिळेल त्या गाडीनं या. सोबत चार माणसं आणा. बांबू आणा. दोर आणा."

बांबू चोराला हाणायला, दोर बांधायला. भोजराजला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याचं सगळं ध्यान फीत सरळ फिरते की नाही यावर होतं. हाच निरोप बापाकडून त्यानं ओळीनं बारा वेळा बोलवून घेतला. दोन निरोपांच्या मधल्या जागेत जुनं भजन थोडं थोडं शिल्लक राहिलं, टाळांसकट. ते पुसायचा त्याला कंटाळा आला.

पुढच्या रविवारी दिघोरीला चुलतबहिणीचा साखरपुडा होता. मशीनचं बटण चालू केलं, पेटीला कुलूप लावलं, घराला कुलूप लावलं आणि तिघं निघाले. भोजराजला जायचं नव्हतं. अशा ठिकाणी म्हातारे रांगेनं बसलेले असतात आणि त्यांना दुसरं काम नसतं. पहिल्यानं विचारलं, "काय करून राहिला आता?" दुसऱ्यानं विचारलं, "नापास कितव्यात झाला?" तिसऱ्यानं काही विचारलंच नाही. नुसता हात पालथा करून, "गेलं काम," म्हणाला. तिसरा स्वतः चौथी नापास होता.

भोजराज पानावरून उठला आणि मिळेल त्या बसनं परत आला.

किल्ली बापाजवळ. तो मागची भिंत चढला. लहानपणापासूनच्या सवयीनं फटीतून काडी घालून कडी वर केली, लाथेनं दार ढकललं, आणि तीन आठवडे खपून स्वतःच्या हातानं लावलेली तार त्याला आठवली, ती भोंगा सुरू झाल्यावर.

बंद करायचं बटण पेटीत. पेटीची किल्ली दिघोरीत, करगोट्याला. पेटीच्या आतून बाप बोलत होता, "घरी सर्व कुशल आहे. घाबरू नका."

भोजराज क्षणभर घाबरला, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. मशीन चालली होती! खरोखर, कोणी न सांगता, भर दुपारी! निरोप संपला, टाळ वाजले, पुन्हा निरोप सुरू झाला. तिसऱ्या खेपेला पेटीतून कोणीतरी बाई एवढ्या मोठ्यानं किंचाळली की रुमाल हलला. खटकन भोंगा बंद झाला. आवाजावर बंद होणारं सर्किट पहिल्या फटक्यात पास झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा भोजराजचं काहीतरी पास झालं होतं.

ती बाई का किंचाळली, याचा विचार त्यानं केला नाही. समोरच्या खोलीत खाट टाकली, माश्या फार होत्या म्हणून बापाचं धुतलेलं पांढरं धोतर डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतलं, आणि दुकानाच्या पाटीवर अक्षरं लाल काढावी की निळी, हे ठरवता ठरवता झोपला.

तिकडे साकोलीत काय झालं, ते यादोरावानं नंतर सांगितलं. (तो सगळ्यांचे फोन ऐकायचा. नोकरीच तशी.) आमच्याकडे मरणाची बातमी कोणी सरळ देत नाही. माणूस गेला असेल तर कळवतात, थोडं बरं नाही, निघून या. श्यामरावांनी तर सर्व कुशल आहे म्हटलं, घाबरू नका म्हटलं, चार माणसं मागितली, बांबू मागितला, दोर मागितला. आणि मागे भजन सुरू.

भय्याजींनी खालच्या आवाजात विचारलं होतं, "कोण गेलं, श्यामराव?" आवाज हळू. मशीन पुन्हा पहिल्यापासून. "घरी सर्व कुशल आहे."

"सांगवत नाई त्याच्यानं," भय्याजींनी फोनवर हात ठेवून बायकोला सांगितलं. "तेच तेच बोलून रायला."

कौशल्याबाई म्हणाल्या, "दादा बोलून रायला म्हणजे दादा जिता हाय. वैनी परवा बजारात चांगली भेटली."

श्यामरावांच्या घरात मग तिसरा एकच उरला. शिक्षण सोडलेला, कोणाशी न बोलणारा. हे ओळखायला दोघांना क्षणही लागला नाही. यादोरावालाही लागला नाही. भोजराजनं विहीर जवळ केली, हे तिघांना एकदमच पटलं, आणि कौशल्याबाई किंचाळल्या.

जीप दारात थांबली तेव्हा भोजराजला अर्धवट जाग आली. समोर कुलूप पाहून मंडळी मागची भिंत ओलांडून उघड्याच दारातून आत शिरली.

"श्यामराव बिचारा धावपळ करत असन," भय्याजींचा आवाज. मग पावलं थांबली. मग कौशल्याबाई खाटेच्या पायथ्याशी कोसळल्या.

भोजराजनं खरं तर तेव्हाच उठायला हवं होतं. पण तो उठला नाही. आपल्याविषयी लोक काय चांगलं बोलतात ते ऐकायची अशी संधी माणसाला एकदाच येते, आणि तेव्हा तो ऐकायला नसतो. तो श्वास रोखून पडून राहिला.

आमच्याकडच्या बाया गेलेल्याचे गुण गात रडतात. कौशल्याबाई त्यात पटाईत होत्या. त्यांच्या रडण्यानं अनोळखी माणसं जेवण टाकून उठत.

"अरे माया भोजराजा रेऽऽ," त्यांनी सुरुवात केली. "माया हुशार..." आणि थांबल्या. "माया कमावता..." पुन्हा थांबल्या. धोतराखाली भोजराज वाट पाहत होता. बराच वेळ नाक ओढण्याचाच आवाज आला. शेवटी आत्याला सापडलं. "माया उंच बाप्पा रेऽऽ!"

बस. बावीस वर्षांचा हिशेब. उंच होता.

"मार्क कसेबी असन म्हणा, तब्येत चांगली होती," भय्याजी भर घालत म्हणाले. मग खाली बसले. "आता रडून काय होते? अंधाराच्या आत आटपा लागन. माप घ्या रे."

कोणीतरी दोराचं एक टोक भोजराजच्या टाचेला लावलं आणि दुसरं ओढत डोक्याकडे आणलं.

"पाच फूट नऊ असन का?"

"कायचं नऊ? पाच सातच्या वर नाई."

"साडेआठ आहे," भोजराज धोतराच्या आतून म्हणाला. निदान जे एक कबूल केलं होतं, त्यात तरी कोणी कापाकापी करू नये, असं त्याला वाटलं.

सोबत आणलेल्या चारांपैकी दोघं खिडकीतून गेले. (तीच खिडकी, जिच्याखाली टेबल येणार होतं.) एकजण देवाचं नाव घेत बांबूला मिठी मारून उभा राहिला. चौथा नंतर मिलच्या गोदामात सापडला. आत्यानं आधी भोजराजचं तोंड कुरवाळलं आणि मग त्याच तोंडावर दोन ठेवून दिल्या.

संध्याकाळच्या बसनं श्यामराव आणि कुंताबाई आले. अंगणात जीप, बांबू, मडकं, डोळे सुजलेली बहीण. कुंताबाईंनी पिशवी टाकली, पोराला धरलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. श्यामरावांनी सगळी हकीकत उभ्यानं ऐकली.

"भोंगा वाजला?"

"वाजला."

"फोन लागला?"

"लागला ना," भय्याजी दात खात म्हणाले. "चांगलाच लागला."

"म्हणजे मशीन चालली," भोजराज म्हणाला. "खोली द्या."

श्यामरावांनी मान हलवली. माणूस शब्दाचा पक्का होता, तेवढं त्यांना नाकारता येणार नाही. "मशीन चांगली हाय. चुकी मशीनची नाई. ऐकणाऱ्याची हाय. भाऊजींले समजलंच नाई काय सांगून राहिलो ते."

"अस्सं?" भय्याजी म्हणाले.

"तिकडे मशीन समजणारा माणूस पायजे. फोनजवळ बसणारा." त्यांनी पोराकडे पाहिलं. "तुह्याइतकी ते मशीन कोणाले समजते? सोमवारपासून साकोलीले बस."

"अन् खोली?"

खोलीचा प्रश्न कुंताबाईंनी सोडवला. तिरडीचं आणलेलं सामान कोणी परत घरी नेत नाही, त्यामुळे भय्याजी ते जीपमध्ये ठेवेनात. कुंताबाई घरात ठेवू देईनात. समोरची खोली मात्र रस्त्याकडे उघडते, ती घरात धरत नाहीत. बांबू तिथे खिडकीला टेकवून ठेवले, अजून आहेत. मडक्यात कुंताबाईंनी राख भरून ठेवली आहे, भांडी घासायला.

भोजराज आता मिलमध्ये बसतो. खुर्चीचा आणखी एक वेत तुटला. तार काढायला किंवा बटण बंद करायला श्यामराव तयार नाहीत, आणि कुंताबाई गाईला पाणी पाजायला रोज मागचं दार उघडतात, कधी दोनदा, कधी तीनदा. मग बावीस नंबर वाजतो आणि भोजराजला बापाचा सावकाश आवाज ऐकू येतो, की घरी सर्व कुशल आहे, घाबरू नका. त्याला तोंडातल्या तोंडात शिवी देऊन भागत नाही. हळू बोललं की बाप पहिल्यापासून सुरू होतो, मग टाळ वाजतात. म्हणून तो उभा राहतो, छाती भरून श्वास घेतो आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून ओरडतो, "हो बाबाऽऽ!"

मिलचे हमाल आपापल्या पोरांना सांगतात, पोरगा असावा तर असा.