एका वेळी एकच बदल

पेट्रोलचा एक थेंब पाण्यावर पडला की पसरत पसरत ताटाएवढा होतो, आणि कडेकडून आत पाहत गेलं की त्यात जांभळा, निळा आणि मग पिवळट असे रंग दिसतात. त्या दिवशी सकाळी आमच्या बोटीच्या मागे असा एक डाग तरंगत होता. याचा अर्थ, कोणीतरी नुकताच पेट्रोलच्या नळीला हात लावला होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मात्र रंगांचा क्रम बरोबर आहे की नाही ते तपासलं, तो बरोबर निघाला म्हणून खूश झाले आणि कामाला लागले.

मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एकोणीस वर्षं झाली. माझ्या मते, बोटीचं इंजिन सुरू होत नसेल तर त्यात घाबरण्यासारखं काहीही नसतं. पेट्रोल, हवा, ठिणगी. तिघांपैकी एकजण रजेवर असतो. तो कोण ते शोधायचं.

"अर्ध्या तासात सुरू करून देते," मी गिऱ्हाइकाला म्हटलं. "तुम्ही तोवर चहा घ्या."

त्या भल्या माणसाने त्या दिवशी पाच कप चहा घेतला!

बोट बाबांची. तीस वर्षं त्यांनी तिच्यातून माणसं या धक्क्यावरून पलीकडच्या किनाऱ्यावर नेली. बोटीच्या मागे लावलेलं इंजिन दोरी ओढून सुरू करावं लागतं, आणि ती दोरी बाबांशिवाय कोणीही ओढायची नाही, हा घरातला कायदा. दोन वर्षांपूर्वी बाबांचा खांदा गेला. डॉक्टरांनी दोरीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "मी ओढते की. तुम्ही फक्त चालवा." बाबा म्हणाले, "बघू."

तेव्हापासून ते बघतच होते. रोज सकाळी धक्क्यावर जायचे, इंजिन पुसायचे आणि परत यायचे. शेवटी मीच फोन केला. "बाबा, विकून टाकू या का?" बाबा म्हणाले, "तुला वाटतं तसं कर." आई म्हणाली, "ते म्हणतील तसं." मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, जो तीस वर्षं त्या बोटीचे दोर बांधतोय-सोडतोय, तो म्हणाला, "माझं काय विचारतेस? माझं काहीच नाही." तीन माणसांचा होकार मिळाला, असं मी वहीत लिहून ठेवलं आणि गिऱ्हाईक शोधलं.

गिऱ्हाईक म्हणजे उंच, सावकाश बोलणारा माणूस. गळ टाकून मासे पकडायचा त्याला नाद होता. तो म्हणाला, "बोट छान आहे. फक्त एकदा चालू करून दाखवा."

"मीच दोरी ओढते, बाबा," मी म्हटलं.

"ओढ," बाबा म्हणाले.

ज्या दोरीला दोन वर्षं त्यांनी आईला बोट लावू दिलं नव्हतं, ती त्यांनी मला अशी सहज दिली! मला संशय यायला हवा होता. मला गहिवरून आलं.

ओढली. इंजिन खोकलंसुद्धा नाही.

मी वही उघडली, तीन रकाने आखले. पहिला संशय ठिणगीवर. स्पार्क प्लग काढला, हत्यारांच्या पेटीतला नवा कोरा बसवला. पाच वेळा दोरी ओढली. काही नाही. मग नवा काढला आणि जुना परत लावला.

"अरेरे!" धक्क्यावरून मामा म्हणाला. त्याचा आवाज भाची पास झाल्याचे पेढे वाटायला निघाल्यासारखा आनंदी होता.

दुसरा संशय पेट्रोलवर. टाकीच्या कोपऱ्याखाली नळी जराशी दबलेली दिसली. टाकी सरकवली, पाच वेळा ओढली. काही नाही. टाकी उचलून पुन्हा होती तिथे ठेवली, नळीच्या त्याच वळणावर.

"अहो, ती परत तशी का ठेवलीत?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"एका वेळी एकच बदल करायचा," मी समजावलं. "फरक पडला नाही की पुन्हा पहिल्यासारखं करायचं. नाहीतर इंजिन कशामुळे सुरू झालं ते कळणार कसं?"

"पण ते सुरू झालेलं नाही."

"म्हणूनच."

त्याने धक्क्यावर किटली घेऊन बसलेल्या आईकडे दुसरा कप मागितला.

तिसरा संशय क्लिपवर. बंद करायच्या बटणाखाली एक लाल क्लिप असते. ती दोरीने चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असते; तो तोल जाऊन पडला तर ती निसटते आणि इंजिन थांबतं. ती घट्ट बसली नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. आमची मला किंचित सैल वाटली. पेटीतली जादा क्लिप लावली, पाच वेळा ओढली. काही नाही. जादा क्लिप पेटीत, सैल क्लिप बटणाखाली.

हवेकडे, म्हणजे चोककडेही पाहिलं. चोक निर्दोष होता. त्याचा माझ्याइतकाच स्वच्छ कारभार.

आता, एकदा मिळालेल्या निकालाला आमच्याकडे निकाल म्हणत नाहीत. तीनदा यावा लागतो. म्हणून मी सगळं पुन्हा केलं. आणि पुन्हा. प्लग नवा, प्लग जुना. टाकी इकडे, टाकी तिकडे. क्लिप ही, क्लिप ती. प्रत्येक वेळी पाच ओढी.

"राहू दे गं, नसेल नशिबात," मामा म्हणाला.

"थकलंय इंजिन," बाबा म्हणाले. "त्यालाही वय आहे."

"बेचाळीस," मी म्हटलं आणि दोरी पुन्हा धरली. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. पंचेचाळीसला दोरी हातातून सुटली, आणि सैल क्लिप परत लावून वहीत नोंद करताना मी तळहाताकडे पाहिलं. चार फोड आले होते. एक फुटला होता.

आईने ते पाहिलं. तिच्या हातातली किटली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"पुरे! नळी मी दाबलीय!"



"टाकी मी तिच्यावर ठेवली," आई म्हणाली. "पहाटे. मला काय माहीत, ही पोरगी हात सोलून घेईल! हे विकायचं ठरल्यापासून तुझे बाबा अर्धं ताट टाकून उठतात. सकाळी इंजिन पुसायला तरी बाहेर पडतात. बोट गेली की हा माणूस खिडकीत बसून वाळून जाईल!"

"ताई, तू पण?" मामा म्हणाला.

"तू पण म्हणजे?"

मामाने खिशातून चष्म्याची डबी काढली. आत चष्मा नव्हता. आत चांगला प्लग होता, रुमालात गुंडाळलेला. "जळका घातला होता मी. काल संध्याकाळी." तो माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाला, "मी सकाळी उठून जाऊ कुठे, सांग ना? कोणाचे दोर बांधू?"

मग आम्ही सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" बाबा म्हणाले.

"दाजी," मामा म्हणाला.

बाबांनी शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि लाल क्लिप काढली. खरी क्लिप. बटणाखाली होती ती आमच्या आधीच्या इंजिनाची, दिसायला अगदी तशीच, एक मिलिमीटर पातळ.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, पोरीला वाटतं तसं करू दे म्हणून!" आई म्हणाली.

"म्हणालो. करू देत होतोच की." बाबा क्लिपकडे बघत राहिले. "नुसतं सुरू होऊ देत नव्हतो."

गिऱ्हाइकाने पाचवा कप संपवला. "एक विचारू का?" तो सावकाश म्हणाला. "या तिघांनी एकेकदा बिघडवलं. तुम्ही मात्र, ताई, प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा दुरुस्त केलीत आणि तीन-तीनदा परत बिघडवलीत. बोट विकायची नेमकी आहे तरी कोणाला?"

मी वहीकडे पाहिलं. 'पहिल्यासारखं केलं' असं माझ्याच सुवाच्य अक्षरात नऊ वेळा लिहिलेलं होतं. एकाच वेळी तीन बिघाड असू शकतात, ही शक्यता मी कुठल्याच रकान्यात धरली नव्हती. आणि तेही आपल्याच घरच्यांनी केलेले!

"मला वाटत होतं, मला आहे," मी म्हटलं.

मग नियम मोडला. मामाने प्लग बसवला, आईने टाकी बाजूला घेतली, बाबांनी खरी क्लिप लावली. तिन्ही बदल एकदम! एकोणीस वर्षांत मी असं काम केलं नव्हतं. राहिली दोरी. माझे हात कामातून गेलेले. मामा आधीच उडी मारून धक्क्यावर दोर सोडायला उभा. बाबांचा हात सवयीने पुढे गेला आणि खांद्याशी अडखळला.

आईने पदर खोचला. "सरका."

बाबा सरकले. आईने एक पाय मागच्या फळीला लावला, चोक ओढला, दोरीचा ताण आधी हळूच चाचपला आणि मग एकदाच, सबंध अंगाने ओढली. तीस वर्षं खिडकीतून बघून शिकलेली ओढ होती ती. इंजिन एका झटक्यात धडधडायला लागलं. धक्क्यावरचा मामा टाळ्या वाजवायला लागला आणि त्याच्या हातातला दोर पाण्यात पडला.

बाबा आईकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले.

"काय?" आई ओरडली. "ऐकू येत नाही!"

बाबा पुन्हा काहीतरी म्हणाले.

"मोठ्याने बोला! आता परत 'बघू' म्हणालात तर मी हे बंद करीन!"

बाबांनी सुकाणूचा दांडा धरला, घसा साफ केला, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडले, "उद्यापासून दोरी तू ओढायचीस! बोट विकायची नाही!"