दरियादौलतीची खुंटलेली धार

श्रीकानबाईमाय समर्थ.

थोरांच्या लढाया थोरांनी लिहविल्या आणि त्या पोथ्यांत गेल्या. परंतु शके १९१८, धातानाम संवत्सरी, श्रावणमासी, खानदेशीयांची माय कानबाई, तिचे बोळवणीचे म्हणजे विसर्जनाचे सोमवारी, सुरत प्रांती मगदल्ला बंदराशेजारी, तापीचे पात्रात, दरियादौलत नामे नावेच्या इंजिनाचे गळ्यात जो गनीम शिरला आणि जेणेप्रकारे बाहेर काढिला, ते वर्तमान कोणी लिहिले नाही. सबब जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. पदरचे मीठ घातले असेल ते चवीपुरतेच.

सुरतेच्या लिंबायत परगणियात खानदेशीयांची वस्ती दाट. त्यांत सरलाबाईसाहेब, मूळ मुलूख पारोळे, घरच्या कारभाराच्या मुखत्यार. त्यांचे चिरंजीव योगेंद्रराव उधन्याच्या कारखान्यात मागांचे जॉबर, म्हणजे रुसल्या मागांची समजूत काढून त्यांस चालते करणारे मातबर सरदार. योगेंद्ररावांचे कुटुंब उज्ज्वलाबाई, अमळनेरी इतिहास घेऊन बी. ए. जाहलेल्या. आणि त्यांचे पोटी चंचलबाईसाहेब, वय नऊ महिने.

या चंचलबाईसाहेब जन्मल्या तेव्हा इतक्या हलक्या होत्या की नर्सबाईने काटा बिघडला ऐसे समजून त्यांस पुन्हा तोलिले. ते समयी सरलाबाईसाहेबी नवस बोलिला की, पोर बाळसे धरील तर कानबाईमायेस काठावरून बोळवणार नाही, मशीनचे नावेत बसवून मधधारेस नेईन. पोरीने बाळसे धरिले आणि पाय हाती घेऊन अंगठा चोखण्याइतकी हुशारी आली. उज्ज्वलाबाईंचा नवसावर विश्वास नव्हता. परंतु तो मोडून पाहण्याची छातीही नव्हती.

उज्ज्वलाबाईंची एक पिशवी असे. ती पिशवी नव्हे, फिरता किल्लाच होता. आत उकळलेल्या पाण्याचा थर्मास, दुधाची बाटली, बाटली घासण्याचा लांब दांडीचा ब्रश, थर्मामीटर, खोबरेल, ग्राइप वॉटर, आणि लंगोटांची तर शिबंदीच. ब्रश रोज उकळला जाई आणि साबणाने हात धुतल्यावाचून त्यास स्पर्श करण्याची योगेंद्ररावांसही परवानगी नव्हती. शिवाय बाईंचे टेहळणीचे मुख्य काम हे की, चंचलबाईसाहेबांनी शू केली की नाही, केव्हा केली, किती केली, याची बातमी क्षणोक्षणी ठेवणे. जरा उशीर जाहला की टाळू बसली काय, ओठ सुकले काय, ऐसा घोर लागे आणि मग बाई पोरीस न्हाणीघरात धरून "शूऽऽ शूऽऽ" ऐसे मंत्र म्हणत बसत.

स्वारी निघाली त्या दिवशी सरलाबाईसाहेबांचे बंधू धुडकूमामा, नवा पांढरा सदरा घालून आघाडीस होते. त्यांनी पिशवी पाहिली आणि भरटेंपोत बोलिले, "सूनबाई, हाई पिशवी शे का सिव्हिल हॉस्पिटल शे?" मंडळी खदखदली. सरलाबाईसाहेबी तेथेच हुकूम फर्माविला की, पुढील स्वारीपासोन सदरहू पिशवी घरी राहील. उज्ज्वलाबाईंनी पिशवी छातीशी धरिली.

बंदरी पोचताच नावेचे धनी ठाकोरभाई, जातीचे दर्यावर्दी, यांची भेट जाहली. उज्ज्वलाबाईंनी नावेत पाय ठेविण्यापूर्वी तळ पाहिला, तो तळास भोक! भोकावर पितळेचा कॉक, म्हणजे तोटी, आणि कॉकातून नदीचे पाणी नावेत येते. बाईंनी उचललेले पाऊल माघारी घेतले. ठाकोरभाईंनी समजाविले की, बेन, हे भोक बुडविण्याचे नव्हे. नदीचे पाणी यातून वर येते, जाळीत कचरा ठेवून पंपात जाते, पंपातील रबरी चक्र त्यास पुढे ढकलते, मग ते इंजिनाचे अंगात फिरून त्याची आग आपणांवर घेते आणि बाजूच्या नळीतून पुन्हा नदीत पडते. ती धार दाखवून ते बोलिले, "जुओ, होडी मूतरे त्यां लगी कंई चिंता नी."

हे वचन उज्ज्वलाबाईंचे काळजास भिडले. ज्यास शू होते त्याची चिंता नाही, हे शास्त्र त्यांस नऊ महिने पाठ होते. त्यांनी एक डोळा चंचलबाईसाहेबांवर ठेविला आणि दुसरा धारेवर.

मग कानबाईमाय पाटासहित नावेत विराजमान जाहली, आणि बायकांनी गाणी धरिली, आणि कारखान्याचे मागवाले मंडळींनी डफ वाजविला, आणि नाव हलताच सर्वांनी भक्तीच्या भरात झेंडूचे हारचे हार नावेच्या कडेने पाण्यात सोडिले. मायेपुढे फुले सोडावी हा रिवाज. परंतु पाणी पिणाऱ्या यंत्राचे तोंडाशी सोडू नयेत, हे रिवाजात कोणी लिहिले नव्हते.

मधधार अजून लांब होती. इतक्यात उज्ज्वलाबाईंनी पाहिले की धार बारीक जाहली. मग थेंबथेंब जाहली. मग काहीच नाही. बाई ठाकोरभाईंस ओरडल्या, "काका, होडीनी शू बंद थई गई!"

डफाच्या आवाजात जवळच्यांसच काय ते ऐकू गेले. धुडकूमामा म्हणाले, "आता होडीलेबी लंगोट बांधस का?" पुन्हा हशा जाहला. परंतु ठाकोरभाईंनी मान वळवून नळी पाहिली. इंजिनाचे अंगातून वाफ निघाली आणि रबर जळाल्याचा वास सुटला. त्यांनी झडप घालून इंजिन बंद केले आणि लंगर टाकिला. डफ थांबला.

मग खरे संकट कळले. ओहोटी लागली होती. तापीचे पाणी मागे हटत होते आणि नावेचे एका अंगास चिखलाचे पाठाड वर येत होते. तासाभरात धार न सुटली तर नाव चिखलात रुतणार, पुढील भरती सूर्य बुडाल्यावर येणार, आणि दिवस असता व्हावयाची मायेची बोळवण राहून नवस मोडणार. सरलाबाईसाहेब नातीकडे पाहून एकदम अगदी लहान दिसू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते उज्ज्वलाबाईंनी पाहिले आणि आजवरचा हुकूमनाम्यांचा राग तेथेच विरला.

धुडकूमामांनी शौर्य करोन बादली भरिली आणि तापल्या इंजिनावर ओतावयास निघाले. उज्ज्वलाबाई आडव्या जाहल्या. "मामा, थांबा! उकळत्या बाटलीवर गार पाणी टाकलं की काय होतं? तडकते! मी तीन फोडल्यात."

ठाकोरभाई बोलिले की बेन खरे सांगतात. मामा बादली घेऊन तैसेच उभे राहिले, आणि नाव हलली तशी निम्मी बादली त्यांचेच पायांवर सांडली.

इंजिन हात लावण्याजोगे निवले, मग ठाकोरभाईंनी तळचा कॉक बंद केला आणि जाळी उघडिली. आत झेंडू ठासून भरला होता. सरलाबाईसाहेब पाहून थक्क जाहल्या. "वो माय! हाई इंजन मायना हार खाई गयं!" त्यांनी झेंडू पदरात घेतला, कारण मायेचा हार टाकावा कैसा. मग पंपाचे झाकण काढिले. रबरी चक्र शाबूत होते, परंतु कोरडे पडोन चिकटले होते. पिशवीतून खोबरेल निघाले, आणि चंचलबाईसाहेबांचे टाळूचे तेल चक्रास चोळले. एक नळी तडकली होती. तेथे योगेंद्रराव सरसावले. जॉबराचे खिशात नायलॉनचा धागा नसेल ऐसे होत नाही. त्यांनी मागावर तुटला ताणा बांधावा तैशी गाठ मारून, धागा ओढून ओढून, नळीस ऐसे घट्ट गुंडाळले की थेंब बाहेर येईल तर शपथ.

जाळी बसली, कॉक उघडिला, इंजिन चालू जाहले. सर्वांचे डोळे बाजूच्या नळीवर. धार आली नाही. पुन्हा बंद केले. ठाकोरभाई कपाळास हात लावून बोलिले की, पंपाच्या पुढे वळणाची नळी आहे, जाळी चुकवून काही पाकळ्या तेथे जाऊन बसल्या. बोट पोचत नाही.

मग ती नळी सोडविली आणि मोर्चे लागले. तार घातली, ती वळणास अडली. मामांच्या छत्रीची काडी घातली, ती वाकली, आणि मामा म्हणाले छत्री नवी होती. तोंडाने फुंकून पाहिले, तो योगेंद्ररावांचे गाल फुगले आणि पाकळ्या ढिम्म. चिखल आणखी हातभर जवळ आला.

उज्ज्वलाबाई नळीचे वळण पाहत होत्या. ऐसे वळण, ऐसे अरुंद तोंड, आणि तळाशी चिकटलेले फाटल्या दुधासारखे काही, हे त्यांनी रोज पहाटे पाहिले होते. त्यांनी पिशवीत हात घातला आणि ब्रश काढिला. दांडी वाकणारी, केस चहूंकडून. क्षणभर त्यांनी तो छातीशी धरिला. मग योगेंद्ररावांपुढे केला आणि सवयीने बोलिल्या, "आधी हात धुवा."

योगेंद्ररावांचे हात कोपरापर्यंत काळ्या तेलाने माखलेले. त्यांनी बाईंकडे पाहिले, ब्रशाकडे पाहिले, आणि तापीत हात धुतले. पंचवीस माणसांत कोणी हसले नाही.

मग ब्रश नळीत शिरला, वळणावर वाकला, पुढे गेला, फिरला, आणि माघारी आला तो झेंडूच्या पाकळ्या, गाळ आणि गुटख्याच्या पुडीचा एक तुकडा कैद करूनच. मंडळींनी मायेचा जयजयकार केला. नळी जोडिली. इंजिन सुरू जाहले. पुन्हा सर्वांचे डोळे नळीवर. धार नाही. ठाकोरभाई म्हणाले, जरा धीर धरा, पाणी चढते आहे.

धीर कोणास धरवेना. उज्ज्वलाबाईंचे ओठांतून न कळत निघाले, "शूऽऽ."

त्यांनी जीभ चाविली. परंतु सरलाबाईसाहेबांनी ऐकिले होते. त्या नळीपुढे वाकल्या आणि गंभीर मुद्रेने म्हणाल्या, "शूऽऽ." मग योगेंद्ररावांनी, मग डफवाल्यांनी, मग ठाकोरभाईंनीही, ऐसे करिता अवघी नाव एका सुरात "शूऽऽ शूऽऽ" करू लागली. काठावरच्या लोकांस वाटले नावेत साप निघाला.

आणि नळी खोकली. एकदा, दोनदा. मग गढूळ पाणी, मग एक पाकळी, आणि मग स्वच्छ, जाड, भरघोस धार तापीत कोसळली.

त्याच क्षणी धुडकूमामा ओरडले. चंचलबाईसाहेब या गडबडीत त्यांचे मांडीवर आल्या होत्या, आणि इतक्या वडीलधाऱ्यांनी एकमुखाने केलेला हुकूम त्यांनी मोडिला नव्हता. पांढरा सदरा कामास आला.

दरियादौलत चिखलाचे दाढेतून निसटली आणि उजेडीच मधधारेस पोचली. मायेची बोळवण यथासांग जाहली, पदरातला झेंडूही तेथेच सोडिला. परंतु सरलाबाईसाहेबी आधी ठाकोरभाईंस इंजिन बंद करावयास लाविले. परतताना पाट रिकामा राहिला, तो बाईसाहेबी पुसिला आणि त्यावर उज्ज्वलाबाईंची पिशवी ठेविली. मामांकडे पाहून फर्मान निघाले, "येले कोणी हसानं नही." ब्रश ठाकोरभाईंनी मागून घेतला आणि इंजिनाशेजारी खिळ्यास टांगला.

काठ लागेपावेतो उज्ज्वलाबाईंचा एक हात लंगोटावर होता आणि नजर धारेवर होती. दोन्हीकडे ओल होती. मग त्यांनी पाठ टेकिली आणि नऊ महिन्यांत प्रथम डोळे मिटिले.

धार चालू, बखर बंद.