मयुराची चाकी आणि गल्लीभरचे कूलर

थंडाव्यातलं माझ्याइतकं नागपूरच्या अख्ख्या जरीपटक्यात कुणाला कळत नाही! माझ्या कूलरपुढे एकदा मांजर झोपलं, ते भर मे महिन्यात शिंकत उठलं आणि स्वेटर शोधू लागलं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा!

म्हणूनच पुतणी मयुरानं फळं थंड ठेवायची आपली कोल्डरूम माझ्या अंगणात उभी केली. त्यासाठी बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरी सोडली पोरीनं! यंत्र कार्बन डायऑक्साइडवर चालणारं. नागपूरच्या उन्हात या वायूला फार दाबावं लागतं, म्हणून असं यंत्र वीज फार खातं. फळांचे व्यापारी आनंदराव तिला म्हणाले होते, "माह्या जुन्या मशीनपेक्षा मीटर कमी पळला, तर माह्या गोदामात तुहीच मशीन. नाही तर बुटीबोरीची बस पकड!"

"काकाजी," मयुरा मला समजावत होती, "दाबलेला वायू सुटताना जोर मारते. तो जोर आजवर फुकट जाये. मी त्याच्या वाटेत चाकी बसवली..."

फुकट! पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. पानठेल्यावर जाऊन सांगितलं, "आमच्या अंगणात फुकटची वीज तयार होऊन राहिली!"

आता फुकटची वीज दिसल्यावर नागपूरकर मे महिन्यात काय करतो? कूलर जोडतो! भिंतीवरून पहिली वायर शेजारच्या कुसुमताईंची आली. मग बळीरामची. मग ज्यांना मी ओळखतही नाही, त्यांची. अंगणात नुसत्या शेवया वाळत घातल्यासारख्या वायरी! मी आपला दानशूर कर्णासारखा उभा. "जोडा गा, जोडा! लाजू नका!"

तेवढ्यात आनंदराव आले. मयुरानं ऐटीत मीटर दाखवला. मीटरचे आकडे कुत्रं मागे लागल्यासारखे पळत होते!

"पोरी, हे तं जुन्याच्या दुप्पट खाऊन राहिलं!"

मयुराचा चेहरा एवढासा झाला. तिनं यंत्राला कान लावला, चाकी तपासली. सगळं ठीक! मग तिची नजर शेवयांवर गेली.

"काकाजी! ह्या वायरी कोणाच्या?"

"गल्लीच्या! आपल्या चाकीवर चालून राहिले ना कूलर!"

"अहो, चाकीतून वीज निघतच नाही! ती वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरले फिरायले हात देते, बस! हे कूलर घरच्या ह्याच मीटरवर चालून राहिले!"

तिनं सपासप वायरी उपटल्या. भिंतीपलीकडून कुसुमताई ओरडल्या, "काय वं मयुरा, माहा कूलर काहून बंद केला?"

पण आनंदरावांचं लक्ष मीटरवर. आकडे दमले, मग पळायचं सोडून चक्क चालू लागले. घाम पुसत ते बराच वेळ बघत राहिले.

"जुन्यापेक्षा कमीच खाते की वं! कधी आणतेस गोदामात?"

मयुरा लहानपणी हसायची तशी हसली.

"पण एक अट," आनंदराव माझ्याकडे बघून म्हणाले. "काकाजीले गोदामाचा पत्ता सांगायचा नाही!"

पत्ता मला आधीच ठाऊक होता. कुसुमताईंनाही मीच सांगितला. त्या एवढंच विचारत होत्या, तिथवर वायर पुरेल का!